क्रीम पायमध्ये क्रीम असू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘दहा मिनिटांत क्रीम पाय’ अशी पाककृती छापून आली आहे. (पाय म्हणजे इंग्रजीतला pie, मैद्याच्या पारीत सारण भरून भाजतात तो.) बिस्किटांचा चुरा वितळलेल्या लोण्यात कालवून ताटलीत थापायचा, पाकिटातलं टॉपिंग फेटून त्यावर ओतायचं, केळ्याच्या चकत्या मांडायच्या आणि ताटली फ्रीजमध्ये ठेवायची. ‘ना ओव्हन, ना गॅस’ असं खाली ठळक अक्षरांत होतं. माझ्या नातीनं ते कात्रण कापून मला आणून दिलं, कारण क्रीम पाय हे आमच्या घरात गेली पस्तीस-छत्तीस वर्षं माझं काम आहे. तिच्या हौसेखातर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, तसलं एक पाकीट हातात घेतलं आणि मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. पाणी, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, स्टॅबिलायझर. नाव क्रीम पायचं आणि त्यात क्रीमच नाही, हे मनाला फार लागलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण वजनं-मापं तेवढी कापू नका.

मी किर्लोस्कर कमिन्समध्ये होतो. डिझेल इंजिनं बनवणारी ही कंपनी पुण्यात १९६२ साली निघाली. मी लागलो १९७४ ला, फ्युएल पंपाच्या टेस्टिंगवर. मूळ अमेरिकन कंपनीचं मुख्य ऑफिस इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी. (ओहायोतलं मोठं कोलंबस वेगळं.) १९८८ च्या सप्टेंबरात मला चार महिन्यांसाठी तिथं ट्रेनिंगला पाठवलं. गाव लहान, पण सारिनेन, आय. एम. पेई अशा नामवंत वास्तुरचनाकारांनी उभारलेली चर्च आणि लायब्ररी तिथं आहेत. गावाबाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. मला राहायला जागा मिळाली ती एका सत्तरीच्या बाईंच्या घरी, माडीवरची खोली. लाकडी घर, पुढे ओसरी, मागे काचा लावलेली पडवी.

बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. शनिवार हा त्यांचा पाय भाजायचा दिवस. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, तुला काय चालतं, काय चालत नाही? मी सांगितलं, मांस, मासे, अंडी नाहीत. त्या थोडा वेळ विचार करत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मग शुगर क्रीम पाय, त्यात अंडं नसतंच. फक्त पारीत त्या डुकराची चरबी घालायच्या, ती माझ्यासाठी बंद केली आणि लोणी घातलं. पुढचे चार महिने त्यांच्या घरी लोण्याचीच पारी झाली. ज्यांच्याशी माझी आठ दिवसांचीसुद्धा ओळख नव्हती, त्या बाईंनी माझ्यासाठी आपल्या हातचं वळण बदललं. मी हे आजवर विसरलेलो नाही.

त्या दिवशी मी ओट्यापाशी उभा राहून सगळं पाहिलं. कच्ची पारी टिनाच्या ताटलीत बसवलेली. तिच्यात त्यांनी सरळ साखर आणि मैदा ओतला, वरून जाड क्रीम ओतलं आणि उजव्या हाताची दोन बोटं घालून सावकाश कालवायला लागल्या. आपण ताक-भात कालवतो ना, तसं. मला वाटलं भांडी वाचवण्यासाठी असेल. तसं नव्हतं. चमचा किंवा रवी लागली तर कच्ची पारी फाटते आणि सारण खाली झिरपतं, बोटाला मात्र पारी कुठे आहे ते कळतं. तिकडे याला फिंगर पाय असंही म्हणतात. कालवून झाल्यावर लोण्याचे बारीक तुकडे वर टाकले आणि मग कपाटातून एक जायफळ काढून छोट्या किसणीवर किसायला घेतलं.

त्या वासानं मी एकदम पुण्यात आलो. पाडव्याच्या आदल्या रात्री आई श्रीखंडाचा चक्का पुरणाच्या चाळणीवर घासायची आणि शेवटी सहाणेवर जायफळ उगाळायची, तो वास. घर सोडून आठवडाच झाला होता, दिवाळी जवळ येत होती, आणि त्या परक्या स्वयंपाकघरात माझ्या आईच्या हाताचा वास भरून राहिला होता. बाईंना मी तसं सांगितलं. त्यांना वाटायचं जायफळ ही त्यांच्या आजीची गोष्ट. आमच्याकडे पुरणपोळीत, बासुंदीत, श्रीखंडात तेच असतं आणि कोकणात, गोव्यात त्याची झाडं आहेत, हे ऐकून त्यांनी ते जायफळ हातात घेऊन पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

भाजलेला पाय त्या दिवशी मिळाला नाही. तो त्यांनी मागच्या पडवीत खिडकीशी ठेवला. रात्रीच्या थंडीत तो तिथंच राहिला आणि रविवारी चर्चहून आल्यावर कापला. सारण सुरीला न चिकटता सुटलं. वर पातळ, तांबूस, किंचित सुरकुतलेली साय, खाली पांढरं मऊ घट्ट क्रीम आणि त्याखाली पापुद्रे सुटलेली खारट पारी. गोडाला तो खारटपणा असा काही भेटतो की दुसरा घास घेतल्यावाचून राहवत नाही.

हा तिथल्या शेतकऱ्यांचा हिवाळ्यातला पदार्थ. तळघरातली सफरचंदं संपली, बागेत काही नाही, तेव्हा घरात उरतं काय, तर दूध, क्रीम, मैदा, साखर. त्यातून हा झाला, असं तिकडची माणसं सांगतात. क्वेकर आणि आमिश या ख्रिस्ती पंथांच्या वस्त्यांशी याचं नाव जोडलं जातं. इंडियाना राज्य झालं १८१६ साली, आणि हा पायही तितकाच जुना आहे असं तिथं अभिमानानं म्हणतात. २००९ मध्ये तिथल्या सिनेटनं ठराव करून त्याला राज्याचा पाय म्हणून मान दिला. मुलानं मला ते फोनवर सांगितलं तेव्हा घरातलं कुणी परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं.

निघताना बाईंनी मला त्यांची एक ताटली दिली. नऊ इंची, तिरप्या कडांची, तळावर सुरीचे असंख्य चरे पडलेली. ती अजून माझ्याकडे आहे.

आता पुण्याची गोष्ट, आणि पुरवणीच्या वाचकांच्या उपयोगाची गोष्ट इथूनच सुरू होते. जानेवारी १९८९. माझ्याकडे ताटली आहे, कागदावर पाककृती आहे, पण ना तसलं क्रीम, ना तसला ओव्हन. पत्नी म्हणाली, “अहो, पीठ मी भिजवते.” तिच्या हातच्या पोळ्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत. तिनं मैद्यात लोणी घालून, पाणी घालून, पोळीच्या कणकेसारखं छान मळलं, तिंबलं, झाकून ठेवलं. पारी लाटली गेली सुंदर. भाजल्यावर ताटलीच्या कडेवरून दोन बोटं खाली आक्रसली आणि इतकी चिवट झाली की सुरी चालेना. तिला फार वाईट वाटलं. चूक तिची नव्हतीच, मीच तिला नीट सांगितलं नव्हतं.

पोळीला जे हवं तेच पायला नको असतं. मळलं की मैद्याला चिकटपणा येतो, ओढ येते, म्हणून पोळी फुगते आणि तुटत नाही. पायची पारी तुटायला हवी. हे मी तिला समजावत होतो, तेवढ्यात तिनंच मला थांबवलं आणि म्हणाली, “म्हणजे करंजीचं मोहन, पण गार.” इतक्या कमी शब्दांत ही गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती. करंजीला आपण मोहन कडकडीत घालतो, ते पिठात सगळीकडे भिनतं आणि करंजी खुसखुशीत होते. इथे लोणी फ्रीजमधून काढलेलं दगडासारखं हवं. ते पिठात बोटांच्या टोकांनी मोडायचं, तळव्यानं नाही, कारण तळवा गरम असतो. काही दाणे रव्याएवढे, काही वाटाण्याएवढे राहिले की थांबायचं. हे वाटाणे लाटताना चपटे होतात, चिरोट्यात साटा बसतो तसे थरांमध्ये बसतात, आणि भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. तुपानं हे होत नाही. तुपात पाणीच नसतं, त्याची पारी नानकटाईसारखी भुसभुशीत होते. चवीला वाईट नाही, पण पापुद्रा नाही.

पुण्याच्या हवेत लोणी गार ठेवणं हेच मोठं काम. मे महिन्यात मी हा घाट घालत नाही. थंडीत पहाटे पाचला उठतो, त्या वेळी आमचा कडप्प्याचा ओटा बर्फासारखा असतो. पोळपाट लहान पडतं, तेरा इंची पारी लाटायची असते, म्हणून सरळ कडप्प्यावरच लाटतो. बर्फाचं पाणी चमच्याचमच्यानं शिंपडायचं आणि मुठीत धरून पाहायचं. मूठ वळली की पाणी बंद. गोळा दिसायला ओबडधोबड हवा. तो गुळगुळीत दिसायला लागला तर समजावं की जास्त हाताळला गेला. मग चपटा करून तासभर फ्रीजमध्ये. आक्रसण्याचा दोष या तासानं जातो.

क्रीमचा प्रश्न याहून अवघड. अमेरिकेत हेवी क्रीम म्हणून जे मिळतं त्यात निदान ३६ टक्के स्निग्धांश असतो. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीममध्ये तो साधारण २५ टक्के. त्या काळी आमच्या दुकानात तेही सहज मिळत नव्हतं. मग म्हशीचं दूध. चार दिवसांची साय साठवली आणि गुठळ्या मोडाव्यात म्हणून मिक्सरला लावली, तर दोन मिनिटांत लोणी वर आणि ताक खाली. दुसऱ्या वेळी पत्नीनं पुरणाची चाळणी काढली. साय चाळणीवर वाटीनं दाबून गाळली आणि आटवलेल्या दुधात मिसळली, तेव्हा ते मिश्रण पळीवरून जाड धारेनं पडायला लागलं. दीड लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवून अर्धा लिटरच्या आत आणायचं, त्यात वाटीभर गाळलेली साय. चव बाईंच्या पायहून निराळी होते, आटीव दुधाचा खमंगपणा येतो, थोडी बासुंदीकडे झुकते. मला ती बाईंच्या पायइतकीच आवडते, आणि दोन्ही खाल्लेला माणूस म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे असं मी मानतो.

ओव्हन म्हणजे तेव्हा घरोघरी असायचा तो गोल अॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची वाटोळी खिडकी असलेला. त्यात पायचा तळ छान भाजला जायचा, पण वरचा रंग काही येईना. शेवटी मी पेठेतल्या एका बेकरीत गेलो. दिवाळीच्या आधी नानकटाईचे ट्रे भाजायला आम्ही तिथंच न्यायचो. बेकरीवाले चाचा म्हणाले, पाव निघाले की दुपारी ये, तेव्हा भट्टी उतरलेली असते. पहिल्या दिवशी मी भरलेली ताटली सायकलच्या कॅरिअरवर दोन्ही हातांनी सांभाळत चालत नेली, तरी निम्मं सारण रस्त्यात सांडलं. चाचांनी ते पाहून सांगितलं, पारी रिकामी आण, दूध बरणीत आण, इथे भट्टीच्या तोंडाशी भर. तेव्हापासून तसंच केलं. साखर-मैदा पारीत, वरून बरणीतलं क्रीम, आणि भट्टीसमोर उकिडवं बसून दोन बोटांनी कालवणं. पाव भाजणारी पोरं भोवती गोळा व्हायची. मग चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळ्यावर ताटली घेऊन अलगद आत सरकवायचे. उतरत्या भट्टीत पाय असा भाजला जायचा की पारीचा तळ आणि वरची साय दोन्हींना एकच रंग. पुढची कितीतरी वर्षं आमच्या पायचा पहिला तुकडा चाचांचा असे.

आता घरात ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन, आहे. दीड हात लांबीची ती पेटी मी आधी थर्मामीटर लावून तपासली. बटण २२० वर असताना आत २०० च होते. हे प्रत्येकानं एकदा करून पाहावं. आपल्याकडच्या पाककृतींत ‘गरम ओव्हनमध्ये भाजून घ्या’ असं लिहितात, त्यावर नव्या माणसानं काय करायचं?

तर माझी मापं अशी. पारीला मैदा १६० ग्रॅम आणि लोणी ११५ ग्रॅम. लोणी बाजारचं खारं असेल तर वेगळं मीठ नको. बर्फाचं पाणी चार-पाच टेबलस्पून. सारणाला साखर २०० ग्रॅम, आटीव दूध वापरत असाल तर १६० पुरे, कारण आटवल्यावर दुधाचा स्वतःचा गोडवा वाढतो. मैदा ४० ग्रॅम. क्रीम, किंवा आटीव दूध आणि साय मिळून, ४८० मिलिलिटर. व्हॅनिला एक चमचा, लोणी ३० ग्रॅम, जायफळ पाव. आधी साखर आणि मैदा कोरडेच नीट एकत्र करावेत, नाहीतर मैद्याच्या गाठी राहतात. ओव्हनमध्ये खालच्या खणात रिकामा ट्रे आधीच तापत ठेवायचा आणि ताटली त्यावर ठेवायची, म्हणजे तळ ओला राहत नाही. पहिली १० मिनिटं २२० अंश सेल्सिअस, मग १७५ अंशांवर ४० ते ५० मिनिटं.

जायफळाबद्दल आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. बाईंच्या पद्धतीनं मी वर किसतो, पत्नी थोडं सहाणेवर दुधात उगाळून सारणात घालते. किसलेल्या जायफळाचा वास आधी येतो, उगाळलेल्याचा घास गिळल्यावर. गेली काही वर्षं आम्ही दोन्ही करतो.

आणि आता ती जागा, जिथे बहुतेकांचा पाय बिघडतो. पाऊण तासानं दार उघडून ताटली हलकेच हलवायची. कडेचं सारण स्थिर हवं आणि मधला आमटीच्या वाटीएवढा भाग थरथरायला हवा. खरवसाचं भांडं हलवल्यावर तो कसा हलतो ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पाण्यासारखी लाट आली तर अजून वेळ आहे. अजिबात हललं नाही तर उशीर झाला, गार झाल्यावर त्याला भेगा पडतात आणि क्रीम रवाळ होतं. थरथरत असतानाच बाहेर काढायचा. पहिल्यांदा करताना हात धजावत नाही, कच्चा आहे असं वाटतं. पण तो बाहेर आल्यावरही स्वतःच्या उष्णतेनं शिजत असतो आणि गार होताना घट्ट होतो. चार तास निदान, रात्रभर ठेवला तर उत्तम. या वेळात त्याला हात लावू नये, फ्रीजमध्ये गरम गरम घालू नये. पडवी नाही, म्हणून मी तो गॅलरीत जाळीच्या झाकणाखाली ठेवतो. मागे एकदा पाहुणे आले म्हणून तासाभरात कापला आणि ताटलीत खीर झाली. पाहुण्यांनी ती चमच्यानं कौतुक करत खाल्ली, पण मला आठवडाभर चुटपुट लागून राहिली.

पुरवणीतला पाय केळ्याचा होता, त्याविषयीही लिहितो. तो अमेरिकेत निराळ्या पद्धतीनं होतो आणि माझी सून तो फार चांगला करते. पारी आधी रिकामीच भाजून घ्यायची. ती फुगू नये म्हणून वर कागद घालून त्यात राजमा भरायचा. दूध, साखर, कॉर्नफ्लोअर आणि अंड्याचे बलक गॅसवर ढवळत शिजवायचे. खालून बुडबुडे यायला लागले की पुढे निदान एक मिनिट उकळू द्यायचं. सुनेचं कस्टर्ड आधी रात्री घट्ट असायचं आणि सकाळी पातळ व्हायचं. ती घाबरून उकळी यायच्या आधीच गॅस बंद करत होती. बलकात एक एन्झाइम असतं, ते कच्चं राहिलं तर कॉर्नफ्लोअरची पकड रातोरात सोडवतं. उकळीनं ते निकामी होतं. मिनिटभराची गोष्ट, पण ती कुणी छापत नाही. अंडं खाणाऱ्या वाचकांसाठी आपण तो पाय छापलात तर सून मापं द्यायला तयार आहे. ओला नारळ खवून घातलेला तिचा पाय तर मी फक्त वासावरच ओळखतो.

जाता जाता एक. बेकऱ्यांतून बॉस्टन क्रीम पाय या नावानं जे मिळतं तो पाय नव्हे, केकच आहे, दोन थरांत कस्टर्ड आणि वर चॉकलेट. १९९६ पासून तो मॅसॅच्युसेट्स राज्याचा मानाचा गोड पदार्थ आहे आणि नाव पूर्वापार तेच चालत आलं आहे. तो पाय म्हणून मागवून हिरमुसलेले दोघेजण मला माहीत आहेत.

संपादक महाशय, माझं म्हणणं एवढंच आहे. आज पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात घरोघरी ओटीजी आहेत आणि त्यात बहुतेक वेळा टोस्ट होतात. लोकांना करायची हौस आहे, ती मी रोज पाहतो. आमच्या मजल्यावरच्या तीन घरांत मी हा पाय शिकवला. एका घरी कॉलेजातला मुलगा करतो, एका घरी नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला ‘सायीची पोळी’ म्हणतात. त्या मुलाचा पहिला पाय कडेला करपला होता, तरी तो ताटली घेऊन जिन्यानं चारही मजले फिरला. दहा मिनिटांत फ्रीजमध्ये ढकललेलं काही घेऊन कुणी असं दारोदार जात नाही. दूध आटताना घरभर पसरणारा वास, बोटांखाली मोडणारं गार लोणी, काचेतून वर येताना दिसणारे बुडबुडे, आणि ‘झाला का, झाला का’ म्हणत नातीच्या स्वयंपाकघरात होणाऱ्या फेऱ्या, हे सगळं त्या पायमध्ये येतं. पाकीट फोडून ते येत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी बिस्किटांचं जरूर करावं, पण त्याला दुसरं नाव द्यावं. आणि आपण पाककृती छापाल तेव्हा ग्रॅममध्ये, अंशांमध्ये छापा. ‘अंदाजे’ आणि ‘चवीनुसार’ हे शब्द ज्याला येतं त्याच्या कामाचे, ज्याला शिकायचं आहे त्याची ते वाट अडवतात.

येत्या शुक्रवारी नात मुक्कामाला येते आहे. तिची बोटं आता ताटलीच्या तळापर्यंत पोचतात, त्यामुळे कालवायचं काम माझ्याकडून तिच्याकडे गेलं आहे. माडीवरच्या त्या खोलीची मालकीण आता नाही, पण तिच्या ताटलीवर चरे वाढतच आहेत. ज्या भगिनींनी ती दहा मिनिटांची कृती लिहिली, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. त्यांनी अवश्य आमच्याकडे यावं. पत्ता आपल्या कार्यालयात कळवून ठेवला आहे. रविवारी दुपारी चारला पाय कापू. शनिवारी मात्र येऊ नये, शनिवारी तो गार होत असतो.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त कामगार)
कोथरूड, पुणे